आतल्या बाजूचे पॅड

इंदिरानगरच्या बोगद्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास होणारी कोंडी नाशिककरांना वेगळी सांगायला नको. त्या बोगद्यात गाडी हातभर-हातभर पुढे सरकत असताना गेल्या जूनपासून मला एक बारीक, तीक्ष्ण ‘चीं’ असा आवाज ऐकू येऊ लागला होता. मोकळ्या रस्त्यावर तो जाणवत नसे. भिंतीवर आपटून परत येत असल्यामुळे तेवढ्या जागेतच तो कानावर पडे आणि बोगद्यातून बाहेर पडलो की मी तो विसरून जात असे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, रात्रीतून तांबूस गंजाचा पातळ थर धरतो आणि सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, हे मला ठाऊक होते, म्हणून हा आवाजही त्याच खात्यावर टाकून मी मोकळा झालो. गंजाची खरखर दोन-चार ब्रेकांत निघून जाते आणि हा आवाज मात्र घरापासून तीन किलोमीटरवरच्या बोगद्यातही टिकून असतो, एवढा साधा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता, पण तो आला नाही.

मी अगदीच बेफिकीर होतो असे मात्र नाही. एका रविवारी गाडी धुताना मी अलॉय चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून पाहिले होते. डिस्कला बाहेरच्या बाजूने टेकलेले ब्रेक पॅड दिसत होते आणि त्याच्या अस्तराची, म्हणजे डिस्कवर घासून झिजणाऱ्या थराची, जाडी अंदाजे सहा मिलिमीटर असावी असे वाटले. नव्या पॅडचे अस्तर साधारण दहा ते बारा मिलिमीटर असते आणि ते तीन मिलिमीटरवर आले की बदलायचे, हे मी वाचलेले होते, म्हणजे अजून निम्मा माल शिल्लक होता. गाडी ४४,००० किलोमीटर चालली होती आणि पॅड मूळचेच होते. शिवाय मे महिन्यात गाडीचे सर्व्हिसिंग झाले होते. त्या कागदावर ‘ब्रेक’ या शब्दापुढे बरोबरची खूण होती आणि खाली ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ अशी किरकोळ रकमेची एक नोंद होती. ते केंद्र कोणते हे मी येथे सांगणार नाही. त्या नोंदीकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले, किंबहुना ऑइल भरून दिले म्हणून मला बरेच वाटले होते.

श्रावणात आम्ही वणीच्या गडावर गेलो. गाडीत आई, पत्नी, मुलगा आणि मी असे चौघे होतो. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या खाली नांदुरीलाच थांबवतात, म्हणून आम्ही मुद्दाम मधला साधा वार निवडला होता. दर्शन छान झाले, आणि दुपारी पाऊस थांबलेला पाहून आम्ही उतरायला सुरुवात केली. तो घाट मी अनेकदा उतरलो आहे, आणि दरवेळी ज्या सवयीने उतरतो त्याच सवयीने उतरत होतो, म्हणजे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वळणावर दुसऱ्यात, आणि उजवा पाय जवळजवळ सतत ब्रेकवर हलका टेकवलेला. ही सवय किती वाईट आहे याची चर्चा पुढे येईलच.

निम्मा घाट उतरल्यावर पत्नीने विचारले, “काही जळतंय का?” पुढे एक एसटी होती, तिचाच वास असेल असे मी म्हणालो. एसटी वळणाआड गेली तरी वास आमच्याबरोबरच राहिला. करपलेल्या रबरासारखा, पण त्याहून कोरडा आणि नाकात झोंबणारा असा तो वास होता. त्यानंतरच्या वळणावर मी ब्रेक दाबला तेव्हा पेडल नेहमीच्या जागी अडले नाही. ओल्या गादीवर पाय ठेवावा तसे ते मऊपणे आणखी दोन बोटे खाली गेले. गाडीचा वेग कमी झाला, पण मी मागितला होता तेवढा झाला नाही. मी पेडल सोडून भराभर दोन-तीनदा मारले, तेव्हा ते थोडे वर आले. गाडी दुसऱ्यात आणि लगेच पहिल्यात टाकली, इंजिनाचा आवाज चढला, मागच्या जीपने हॉर्न वाजवला, आणि आम्ही तशाच रखडत्या चालीने पुढच्या रुंद जागेपर्यंत येऊन डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली.

खाली उतरून मी पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेला. उजवे चाक गरम होते, पण घाटात ते होणारच. डाव्या चाकाजवळ मात्र वीतभर अंतरावरूनच हात मागे घ्यावा लागला. मुलाने पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतली नाही. तापलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी ओतले तर तिला तडे जाऊ शकतात किंवा ती वाकडी होऊ शकते, एवढे मला माहीत होते. आम्ही तासभर तिथेच थांबलो. आईला गाडीत काही सांगितले नव्हते. तिने डब्यातला प्रसाद काढून सगळ्यांना पुन्हा एकदा वाटला. गाडी गार झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागले आणि आम्ही उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये उतरून, दिंडोरीमार्गे चाळीसच्या पुढे न जाता, घरी आलो. आज विचार करता ते शहाणपणाचे नव्हते. नांदुरीला गाडी ठेवून एसटीने यायला हवे होते.

घरी आल्यावर मी कागदावर एक हिशेब मांडला. माणसांसह गाडीचे वजन बाराशे किलो आणि उतार चारशे मीटर उंचीचा धरला, तर खाली येईपर्यंत जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तेवढ्यात साधारण पंधरा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणता येते. पंधरा लिटर म्हणजे आमच्या घरातला अंघोळीच्या पाण्याचा मोठा बंब. इंजिन आणि हवेचा विरोध यांतला काही वाटा उचलतात, पण चालक तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत असेल तर बहुतेक उष्णता ब्रेकलाच सोसावी लागते, आणि ब्रेक लागताना वजन पुढे झुकत असल्यामुळे त्यातला मोठा हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर येतो. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने ड्रायव्हर सांगतात, त्यामागचा हिशेब हाच आहे. हे सगळे खरे असले तरी एक प्रश्न सुटत नव्हता. माझी सवय दोन्ही चाकांना सारखीच जाचक होती, मग एकटे डावे चाकच एवढे का तापले?

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे तपासणी विभागात होते. नाशिकमध्ये अशी माणसे गल्लोगल्ली सापडतात, ज्यांच्या घरी देवघराशेजारच्या कपाटात मखमलीच्या पेटीत मायक्रोमीटर असतो. मी त्यांना हकिगत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, “पॅड पाहिलं म्हणता, ते कुठलं?”

“डाव्या चाकाचं, काका.”

“ते झालं. पण बाहेरचं की आतलं?”

प्रत्येक डिस्कला दोन पॅड असतात, एक बाहेरच्या बाजूने आणि एक इंजिनाच्या बाजूने, हे मला अर्थातच ठाऊक होते. आतले पाहावे असे मात्र कधी मनात आले नव्हते, कारण दोन्ही सारखीच झिजत असणार असे मी गृहीत धरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पार्किंगमध्ये चाक उघडले. हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले, कारण चाक उचलल्यावर ते पान्याबरोबर फिरू लागते. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, असे सांगून काकांनी आपला लोखंडी स्टँड आणून लावला आणि वर काढलेले चाकही गाडीच्या पोटाखाली आडवे सरकवून ठेवले, म्हणजे काही निसटलेच तर गाडी त्या चाकावर टेकेल.

चाक निघाल्यावर कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, पूर्ण दिसू लागला. आमच्या गाडीसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरला एकच पिस्टन असतो आणि तो आतल्या बाजूला असतो. पेडल दाबले की ऑइलच्या दाबाने पिस्टन बाहेर येऊन आतले पॅड डिस्कवर दाबतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून सगळा कॅलिपर दोन पिनांवरून सरकत आत येतो आणि बाहेरचे पॅड दुसऱ्या बाजूने ओढून धरतो. म्हणजे बाहेरच्या पॅडचे काम पूर्णपणे त्या दोन सरकत्या पिनांवर अवलंबून असते. पिना जाम झाल्या की बाहेरचे पॅड कमी काम करते, आतले जास्त करते, आणि पेडल सोडल्यावर कॅलिपर मोकळेपणाने मागे न सरकल्यामुळे पॅड डिस्कला घासतच राहते.

जाडी मोजण्यासाठी काकांनी व्हर्निअर बाहेर काढला नाही. त्यांनी ड्रिल बिटांचा डबा उघडला. पॅडच्या लोखंडी पाठपट्टीचा जो भाग अस्तराच्या कडेबाहेर डोकावतो, तो भाग आणि डिस्क यांमधली फट म्हणजेच उरलेल्या अस्तराची जाडी. त्या फटीत ज्या मापाच्या बिटाची दांडी जाते ते माप आपले. बाहेरच्या पॅडला सहा मिलिमीटरची दांडी गेली. म्हणजे माझा टॉर्चचा अंदाज बरोबर होता. मग काका खाली वाकले आणि आतल्या बाजूला तीनची दांडी लावली. ती गेली नाही. वरच्या टोकाला दोनची कशीबशी गेली. खालच्या टोकाला दीडची गेली नाही, एकची गेली. त्यांनी ती तशीच फटीत ठेवून मला खाली वाकून पाहायला लावले. पॅड पाचरीसारखे तिरपे झिजले होते, आणि त्याच्या कडेला रिबिटाने बसवलेली एक छोटी पोलादी पट्टी डिस्कवर घासून आरशासारखी चकचकीत झाली होती.

“हाच तुमचा बोगद्यातला आवाज,” काका म्हणाले.

अस्तर ठरावीक जाडीपर्यंत झिजले की ही पट्टी डिस्कला टेकून चिरकावी, याच हेतूने ती बसवलेली असते. अनेक गाड्यांत ती आतल्या पॅडलाच असते. दोन महिने ती रोज सकाळी मला बजावत होती.

कॅलिपर हाताने हलवून पाहिला तेव्हा वरची पिन जराशी सरकली, खालची जागची हलली नाही. तिच्यावरचे रबरी बूट एका बाजूने फाटले होते आणि आत वाळलेला तांबडा चिखल दिसत होता. उजव्या बाजूचेही चाक काढले. तिथे दोन्ही पॅड पाच-पाच मिलिमीटर भरले आणि कॅलिपर हाताच्या दाबाने सरकला. काकांनी दोन्ही चाके परत लावली, नट एकाआड एक असे समोरासमोरचे आवळले आणि सांगितले, “ही गाडी आता चालवत कुठं न्यायची नाही.” विम्याबरोबर मिळालेली रस्त्यावरच्या मदतीची सोय मी आयुष्यात पहिल्यांदा वापरली आणि गाडी ट्रकवर चढून अंबडच्या एका गॅरेजमध्ये गेली.

पेडल मऊ का पडले, हा भाग मला गॅरेजमध्ये नीट समजला, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गॅरेजमधल्या वयस्क मिस्त्रींनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले आणि पांढऱ्या कापडाचे टोक त्यात बुडवून मला दाखवले. नवे ब्रेक ऑइल फिकट पिवळसर, जवळपास पाण्यासारखे पारदर्शक असते. हे उकळून उकळून काळा पडलेला चहा असावा तसे होते. नाव ऑइल असले तरी ते इंजिन ऑइलसारखे तेल नव्हे. डॉट ३ आणि डॉट ४ हे नेहमीचे प्रकार ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनतात आणि हवेतली आर्द्रता शोषून घेणे हा त्यांचा स्वभाव असतो. डबीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून थोडे-थोडे बाष्प वर्षानुवर्षे आत जात राहते. डॉट ३ ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. आपण पेडलवर पाय देतो तेव्हा तो जोर पिस्टनपर्यंत न पोहोचता बुडबुडे चेपण्यात खर्ची पडतो, आणि पायाला ती ओली गादी लागते. गार झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत होते, म्हणून माणूस ‘झाले ठीक’ असे समजून पुढे निघतो. ऑइल साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावे, असे बहुतेक उत्पादक सांगतात. माझे पाच वर्षे तसेच होते. जाम पिनेमुळे घासत राहिलेले डावे पॅड, त्यामुळे तापलेला डावा कॅलिपर, आणि त्यात पाच वर्षे पाणी प्यायलेले ऑइल अशी ती साखळी होती. माझ्या उतरण्याच्या सवयीने तिला शेवटचा धक्का दिला.

काम सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. नवी, जाड पॅड बसवायची तर बाहेर आलेला पिस्टन आधी मागे दाबावा लागतो. तरुण फिटरने तो सी-क्लॅम्पने हळूहळू दाबायला घेतला, तेव्हा मिस्त्रींनी मला बॉनेटपाशी उभे केले. “साहेब, डबीकडं बघत राहा.” पिस्टन आत जाऊ लागला तसतसे डबीतले ऑइल वर चढू लागले आणि ‘मॅक्स’च्या रेषेवरून पार काठापर्यंत आले. मिस्त्रींनी मोठ्या सिरिंजने ते ओढून घेतले नसते तर ते बाहेर सांडले असते, आणि हे ऑइल रंगावर पडले तर रंग उचलते.

याचा अर्थ मिस्त्रींनी समजावला तेव्हा मे महिन्यातल्या त्या नोंदीचे महत्त्व मला कळले. पॅड झिजत जाते तसा पिस्टन तेवढाच पुढे येऊन थांबतो आणि झीज आपोआप भरून काढतो. म्हणून डिस्क ब्रेकमध्ये पॅड बारा मिलिमीटर असो की दोन, पेडल त्याच उंचीवर लागते. पायाला झीज कळतच नाही. हँडब्रेकच्या दांडीचे टकटक वाढतात तशी कोणतीही खूण येथे नसते. पिस्टन पुढे आल्यामुळे त्याच्यामागे जी जागा होते ती भरायला डबीतले ऑइल जाते आणि डबीतली पातळी किंचित उतरते. झिजेची चाक न काढता मिळणारी ती एक साक्ष असते. पातळी उतरली की आधी पॅड पाहायचे, गळती पाहायची, आणि दोन्ही ठीक असतील तरच ऑइल घालायचे. मे महिन्यात कोणीतरी झाकण उघडून, पातळी खाली दिसली म्हणून, चाक न काढताच वरून ऑइल ओतले होते आणि ती साक्ष पुसून टाकली होती. त्यात दुष्टपणा नव्हता, सवय होती. मलाही ती सेवाच वाटली होती.

डिस्कबाबत थोडा वाद झाला. फिटरचे म्हणणे होते की, डिस्क लेथवर घासून सपाट करू आणि तीच वापरू. डिस्कच्या मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. आमच्यावर १८ मिलिमीटर असे होते, आणि नवी डिस्क २० मिलिमीटरची येते. फिटरने व्हर्निअर लावून डाव्या डिस्कची जाडी १९.६ सांगितली. काका माझ्याबरोबर मुद्दाम आले होते, त्यांनी खिशातून मखमलीची पेटी काढली. पॅड जिथे पोहोचत नाही त्या डिस्कच्या कडेला न झिजलेला कंगोरा उभा राहतो आणि व्हर्निअरचे सपाट जबडे त्या कंगोऱ्यावरच टेकतात, त्यामुळे झीज आहे त्याहून कमी दिसते. मायक्रोमीटरची टोके कंगोऱ्याच्या आत नेऊन चार ठिकाणी मोजल्यावर डावी डिस्क १८.४ आणि उजवी १८.९ भरली. दोन्ही बाजूंनी घासून सपाट करायची तर डावी जवळपास मर्यादेवर येणार आणि नवे पॅड संपायच्या आत मर्यादेखाली जाणार, हे फिटरलाही पटले. डिस्क आणि पॅड नेहमी जोडीने, म्हणजे डावी-उजवीकडे एकाच वेळी बदलतात, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. खर्च नुसत्या पॅडच्या मानाने जवळपास तिप्पट झाला. तो मी निमूटपणे दिला.

पिना काढायला अर्धा तास लागला. खालची पिन पान्याने फिरवून फिरवून बाहेर आली तेव्हा तिच्यावर गंजाच्या खपल्या होत्या. मिस्त्रींनी ती बदललीच, रबरी बूट चारही नवे घातले आणि पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉनचे ग्रीस बोटाने पातळ लावले. बेअरिंगचे साधे ग्रीस येथे चालत नाही, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते आणि काही महिन्यांत पिन पुन्हा अडकते. मागच्या ड्रमविषयी सांगण्यासारखे फार नाही. शूंचे, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींचे, लायनर भरपूर शिल्लक होते, व्हील सिलिंडर कोरडे होते. फक्त फिटर आत साचलेली काळी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवायला निघाला तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. ती भुकटी श्वासाबरोबर छातीत जाण्यासारखी गोष्ट नाही. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. फिटरने मान डोलावली, पण कोपऱ्यातल्या भिंतीवरचे काळे ढग पाहता ती मान किती दिवस टिकेल याची मला शंका आहे.

ऑइल बदलण्याचे काम मात्र मी स्वतः केले, म्हणजे निम्मे. मी चालकाच्या जागेवर बसलो. मिस्त्रींनी पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला, कारण जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या नळकांड्यात, पेडल एकदम तळापर्यंत नेले तर आतली रबरे कधी न गेलेल्या खरबरीत भागावर जाऊन फाटण्याची भीती असते. फिटर मागच्या डाव्या चाकाशी बसला. आमच्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक तेच. त्याने निपलला, म्हणजे ऑइल बाहेर सोडण्याच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत बुडवले.

“दाबा, साहेब.” मी तीनदा दाबले. “धरून ठेवा.” मी धरले. त्याने निपल पाव फेरा उघडले आणि माझ्या पायाखालून पेडल अलगद खाली गेले. “सोडू नका, सोडू नका… हां, बंद केलं. सोडा.”

निपल उघडे असताना पाय सोडला तर हवा आत ओढली जाते, म्हणून हा सगळा खेळ एकमेकांच्या शब्दावर चालतो. अशी पंचवीस-तीस आवर्तने प्रत्येक चाकाशी झाली, मिस्त्री मध्ये-मध्ये डबीत नवे डॉट ४ घालत राहिले, आणि नळीतला काळा चहा हळूहळू फिकट होत गेला. पुढच्या डाव्या कॅलिपरमधून निघालेले ऑइल सगळ्यांत काळे होते.

गाडी ताब्यात देण्याआधी मिस्त्रींनी इंजिन चालू करून पेडल घट्ट लागेपर्यंत आठ-दहा वेळा दाबून घेतले. पिस्टन मागे ढकललेले असल्यामुळे नव्या पॅडनंतरची पहिली एक-दोन दाबणी पोकळ जातात. ती पोकळी गॅरेजच्या फाटकावर, समोर माणूस आल्यावर समजू नये. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारू नका, असेही त्यांनी बजावले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी त्र्यंबक रस्त्यावर गेलो आणि मागे-पुढे कोणी नाही असे पाहून ताशी साठवरून पंधरापर्यंत मध्यम जोराने वेग कमी करणे, मग पुन्हा वेग घेऊन मधल्या मोकळ्या धावेत ब्रेकला गार होऊ देणे, असे वीसेक वेळा केले. या काळात लाल गरम ब्रेक घेऊन गाडी पूर्ण थांबवून ठेवायची नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक दाबताना पाय थरथरतो. अशी थरथर लागली की लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण बऱ्याचदा ते असे असमान चिकटलेले अस्तर असते, किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळले गेल्याचा तो परिणाम असतो.

त्यानंतर माझ्या सवयी बदलल्या, त्यातल्या सगळ्याच सांगण्याजोग्या नाहीत. ऑइलच्या डबीवर आजच्या पातळीला मार्कर पेनने रेष ओढून तारीख घातली आहे आणि ‘ऑइल वरून घालू नये, आधी विचारावे’ असा कागद बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. सर्व्हिसिंगवाले तो वाचून हसतात, पण विचारतात. पावसाळ्यात गाडी चार-सहा दिवस उभी राहणार असेल तर मागच्या ड्रममध्ये शू चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक न ओढता, सपाट जागेवर, गिअर टाकून आणि चाकांना दगड लावून ठेवतो. लांबून आल्यावर चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहतो. एखादे चाक जोडीदारापेक्षा वेगळे तापले असेल तर ते काहीतरी सांगत असते. बोगद्यात शिरताना काच खाली करतो. याला पत्नीचा आक्षेप आहे, कारण धूर आत येतो.

दर १०,००० किलोमीटरला चाके पुढे-मागे करायची असतातच, त्याच वेळी आतले पॅड पाहायचे ठरवले होते, पण काकांना तेवढा धीर नव्हता. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गडावर जाऊन आलो. संपूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेक लागेल तिथे एकदाच नीट दाबून सोडून दिला, आणि मागच्या दोन गाड्यांना जागा देऊन पुढे जाऊ दिले. नांदुरीला चहासाठी थांबलो तेव्हा डावे आणि उजवे चाक हाताला सारखेच कोमट लागले. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी काका ड्रिल बिटांचा डबा घेऊन पार्किंगमध्ये हजर होते. नवी पॅड बसवून ५,२०० किलोमीटर झाले होते. डाव्या बाजूला आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही पॅडना साडेदहाची दांडी गेली आणि अकराची गेली नाही. मी वहीत दोन्हीकडे १०.५ लिहिले. काकांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि पुढे स्वतःच्या हाताने लिहिले: ‘१०.५ हून अधिक, ११ हून कमी.’